लेक परदेशाची नागरिक झाली, आता पुढं काय?

घरातली कामं आवरून, कुणी द्राक्षबागेतून येऊन, कुणी भाकरी थापता थापता रेडिओ लावला असेल. आजचा विषय थोडा लांबचा वाटेल, पण तो आता गावागावांत पोचलाय. निफाड, दिंडोरी, सिन्नर, कुठंही गटाच्या बैठकीला गेलं की एखादी तरी बाई निघते, जिचा लेक, लेक किंवा जावई परदेशात आहे. अशाच एका बैठकीत हिशेबाची वही मिटल्यावर एक काकू हळूच म्हणाल्या, "ताई, माझी पोरगी अमेरिकेत नागरिकत्वाची परीक्षा पास झाली. दीर म्हणतात, आता ती आपल्या देशाची राहिली नाही, तिचा जमिनीवरचा हक्क संपला. खरं का हो?"

खरं नाही. पण हे नीट समजून घ्यायचं तर परीक्षेनंतर काय काय होतं ते क्रमानं बघावं लागेल.

सगळ्यात आधी एक गोष्ट. परीक्षा पास झाली म्हणजे नागरिक झाली असं नाही. अमेरिकेत आधी ग्रीन कार्ड मिळतं, म्हणजे तिथं कायम राहण्याचा परवाना. त्यानंतर साधारण पाच वर्षांनी, नवरा तिथला नागरिक असेल तर तीन वर्षांनी, नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. मग मुलाखत होते आणि त्याच मुलाखतीत परीक्षा होते. इंग्रजीतलं एखादं वाक्य वाचायचं, एखादं लिहायचं आणि त्या देशाचा इतिहास, राज्यकारभार यावर तोंडी प्रश्न. पूर्वी शंभर प्रश्नांच्या यादीतले दहा विचारत, सहा बरोबर आले की झालं. २० ऑक्टोबर २०२५ पासून ज्यांनी अर्ज केला त्यांना यादी १२८ प्रश्नांची आहे, वीस विचारतात, बारा बरोबर यावे लागतात.

आणि नापास झाली तर? तर लगेच कुणी हाकलून देत नाही. जो भाग अडला तेवढाच पुन्हा घेतात, साठ ते नव्वद दिवसांत. दुसऱ्यांदाही नाही जमलं तर अर्ज नामंजूर होतो, पण त्यामुळं ग्रीन कार्ड जात नाही, पुन्हा अर्ज करता येतो. तेव्हा पोरीचा आवाज फोनवर रडवेला आला तर तिला धीर द्या. दहावीचा निकाल लागल्यासारखं गावभर करू नका.

मुलाखतीच्या दिवशी अधिकारी हातात एक कागद देतो. त्यावर मंजुरीची शिफारस तरी असते, किंवा अजून कागद हवेत, निर्णय नंतर, असं लिहिलेलं असतं. दुसरं लिहिलेलं असलं तरी घाबरायचं कारण नाही. करभरणा, जुने प्रवास, लग्नाचे दाखले यातला एखादा कागद कमी असतो. आपल्या तहसीलमध्ये नाही का, एका सहीसाठी फाईल थांबते, तसंच. मुलाखतीपासून १२० दिवसांत निर्णय द्यावा असा तिथला कायदा आहे.

मंजुरी आली की शपथविधीचं पत्र येतं. काही ठिकाणी त्याच दिवशी शपथ उरकतात, काही ठिकाणी आठवडे जातात. शपथ घेईपर्यंत लेक भारताचीच नागरिक असते. त्या पत्राच्या मागं पुन्हा प्रश्न असतात, मुलाखतीनंतर देशाबाहेर गेला होता का, काही गुन्हा दाखल झाला का, वगैरे. ते खरं लिहायचं. शपथेच्या दिवशी दारातच ग्रीन कार्ड परत घेतात, आणि शपथ झाल्यावर नागरिकत्वाचं प्रमाणपत्र देतात.

आता ही जी मधली फट आहे ना, तिच्याकडं आयांनी लक्ष द्यायला हवं. शपथ घेतली त्या क्षणी ग्रीन कार्ड गेलं. भारताचा पासपोर्ट हातात आहे, पण तो आता वापरायचा नाही, वापरला तर गुन्हा. अमेरिकेचा पासपोर्ट अजून यायचाय, त्यासाठी ते मूळ प्रमाणपत्रच अर्जासोबत पाठवावं लागतं. म्हणजे काही आठवडे लेकीकडं प्रवासाचं काहीच कागदपत्र नसतं. त्याच दिवसांत इकडं आईचं मोतीबिंदूचं नाहीतर गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, भाच्याचं लग्न काढलं, तर ती येऊ शकत नाही आणि मग दोन्हीकडं रडारड. म्हणून शपथेची तारीख कळली की पुढचे दोन-तीन महिने मोठी कामं ठरवताना तिला विचारा. खरंच कुणाचं जिवावर बेतलं तर तिथं तातडीनं पासपोर्ट मिळण्याची सोय आहे, आणि आपली वकिलातही अडचणीच्या वेळी तातडीचा व्हिसा देते. त्यासाठी दवाखान्याचं पत्र लागतं. ते डॉक्टरांच्या लेटरहेडवर, सही-शिक्क्यासह, इंग्रजीत घ्या आणि मोबाईलवर फोटो पाठवा. हे काम इथल्या माणसालाच करावं लागतं.

इंग्लंडमध्ये थोडं वेगळं आहे. तिथली परीक्षा अर्जाच्या आधी द्यायची असते, संगणकावर चोवीस प्रश्न, पंचेचाळीस मिनिटं, अठरा बरोबर हवेत. कॅनडात वीस प्रश्न, पंधरा बरोबर. ऑस्ट्रेलियातही वीसच, पण त्यातले पाच त्या देशाच्या मूल्यांवरचे असतात आणि ते पाचही बरोबर यावेच लागतात. शेवटी शपथ किंवा प्रतिज्ञा मात्र सगळीकडं आहे.

त्या शपथेबद्दल बोलायला हवं. अमेरिकेच्या शपथेत आधीच्या देशाची निष्ठा सोडली असं म्हणावं लागतं. एका आईनं तो समारंभ व्हिडिओ कॉलवर पाहिला. नातवानं अर्थ सांगितल्यावर त्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही. मी त्यांना समजवायला गेले नाही. काही गोष्टी वाईट वाटण्यासारख्या असतात आणि त्यांचं वाईट वाटू द्यावं. पण निष्ठा हा कायद्याचा शब्द आहे, मायेचा नाही, एवढं मात्र मला वाटतं.

आपल्याकडचा कायदा काय म्हणतो? १९५५ चा नागरिकत्व कायदा. त्याच्या कलम ९ प्रमाणं स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. दोन्ही ठेवता येत नाहीत. जर्मनीनं २०२४ पासून दुहेरी नागरिकत्वाला परवानगी दिली आहे, पण ती जर्मनीच्या बाजूनं. आपला देश अजून देत नाही. त्यामुळं लेकीला भारताचा पासपोर्ट वकिलातीत जमा करून तो रद्द झाल्याचा दाखला घ्यावा लागतो. फार उशीर केला तर दंड बसतो. गंमत बघा, या पासपोर्टच्या पुस्तिका छापल्या जातात आपल्याच नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये. आपल्या दारात छापलेली पुस्तिका, तिच्यावर सातासमुद्रापार रद्दचा शिक्का पडतो.

एक जुनी गोष्ट सांगते, म्हणजे हे नागरिकत्व किती झगडून मिळालंय ते कळेल. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात गेलेले भगतसिंग थिंद नावाचे एक शीख गृहस्थ होते. १९२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, हिंदुस्थानातला माणूस गोरा नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. त्यानंतर आधी नागरिक झालेल्या हिंदी लोकांचं नागरिकत्वही सरकार काढून घेऊ लागलं. त्यात सखाराम गणेश पंडित नावाचे वकील होते. ते स्वतःचा खटला लढले. या नागरिकत्वाच्या भरवशावर मी इकडच्या वारसाहक्कावर पाणी सोडलं, इथं संसार मांडला, आता ते काढून घेणं अन्याय आहे, अशी त्यांची बाजू होती. ते जिंकले. सगळ्यांसाठी दार उघडलं ते १९४६ च्या कायद्यानं, पण तेव्हाही हिंदुस्थानातून तिकडं नव्यानं स्थायिक व्हायला वर्षाला फक्त शंभर माणसांनाच मुभा होती. वारसाहक्काची काळजी काही आजची नाही, बघा.

पासपोर्ट रद्द झाल्यावर लेकीनं काढायचं ते ओसीआय कार्ड. नावात परदेशस्थ भारतीय नागरिक असं असलं तरी ते नागरिकत्व नाही. आयुष्यभराचा व्हिसा समजा. ते असलं की कितीही वेळा या, कितीही दिवस राहा, पोलिसांकडं नोंद करायला नको. चैत्रात सप्तशृंगीला जायचंय, बाळंतपणाला माहेरी यायचंय, आईजवळ वर्षभर राहायचंय, सगळं चालतं. नातवंडांनाही हे कार्ड मिळतं. मात्र प्रवासात ते कार्ड आणि परदेशी पासपोर्ट दोन्ही लागतात. कार्ड घरी विसरून विमानतळावर अडकलेली माणसं कमी नाहीत.

ओसीआय असलेल्याला मत देता येत नाही, निवडणुकीला उभं राहता येत नाही. म्हणून मतदार यादीतलं लेकीचं नाव कमी करण्यासाठी नमुना ७ भरून द्या, आपल्या बीएलओकडं मिळेल. "राहू दे नाव, निवडणुकीला कामाला येईल," असं कुणी म्हणालं तरी ऐकू नका. त्यात अडचण लेकीची होते.

आता जमीन. इथं मी जरा सावकाश बोलते, कारण फसवणूक इथंच होते.

वारसाहक्क नागरिकत्वावर ठरत नाही. हिंदू वारसा कायद्यात ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. बाप त्या तारखेला हयात असलाच पाहिजे असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये स्पष्ट केलं. २० डिसेंबर २००४ च्या आधी कायदेशीर वाटणी होऊन गेली असेल तर ती मात्र मोडत नाही. ती मुलगी अमेरिकेची नागरिक असो नाहीतर ऑस्ट्रेलियाची, बाप गेल्यावर वारस म्हणून तिचं नाव लागायलाच हवं. सातबाऱ्यावर आधीच असेल तर नागरिकत्व बदललं म्हणून ते उडवता येत नाही.

मग काय करता येत नाही? ओसीआय माणसाला भारतात शेतजमीन विकत घेता येत नाही. फार्महाऊस नाही, मळ्याची मिळकतही नाही. आणि हे फार जणींना ठाऊक नसतं, बक्षीसपत्रानंही शेतजमीन त्याला देता येत नाही. घर, फ्लॅट देता येतो, शेती नाही. म्हणजे आईनं जिवंतपणी आपल्या नावची दोन एकर प्रेमानं लेकीला बक्षीस लिहून दिली, तर ते चालणार नाही. वारसानं मात्र येऊ शकते. म्हणून ज्यांच्या स्वतःच्या नावावर जमीन आहे त्यांनी मृत्युपत्राचा विचार वकिलाला विचारून करावा. पुढं लेकीला ती विकायची झाली तर भारतात राहणाऱ्यालाच विकता येते, आणि आपल्या राज्यात घेणारा शेतकरी असावा लागतो.

घरातले लोक बहुधा हक्कसोड पत्राचा आग्रह धरतात. "ती काय येणार आहे आता नांगर धरायला?" सोडायचा असेल तर तिनं राजीखुशीनं सोडावा, तो तिचा अधिकार आहे. पण ते पत्र दुय्यम निबंधकाकडं नोंदवावं लागतं आणि त्यासाठी तिची सही लागते. ती येऊ शकत नसेल तर कुलमुखत्यारपत्र करून पाठवते, वकिलातीत साक्षांकित करून. ते भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावं लागतं. आणि मुखत्यारपत्रात काय लिहिलंय ते तिनं सही करण्याआधी ओळ न् ओळ वाचावं. "सर्व अधिकार" असं मोघम लिहिलेलं नको. कोणता गट नंबर, कोणतं काम, तेवढंच लिहावं.

वारस नोंदीच्या वेळी तलाठ्याकडून फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात. वारसांच्या यादीत लेकीचं नाव गाळलं असेल तर तेव्हाच लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं कुणी लक्षात ठेवत नाही. सातबारा आणि फेरफार आता मोबाईलवरही दिसतात. गटातल्या एखाद्या शिकलेल्या पोरीला सांगून तीन-चार महिन्यांनी एकदा बघत चला.

त्या काकूंचे दीर मनानं वाईट असतील असं नाही. त्यांना खरंच तसं वाटत असेल. पण सातबाऱ्याला वाटण्याशी देणंघेणं नसतं.

शेवटी आयांबद्दल. लेक नागरिक झाली की तिला आई-वडिलांसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो, तिचं वय एकवीसच्या वर हवं. आई-वडिलांना भावंडांसारखं वर्षानुवर्षं रांगेत थांबावं लागत नाही. पण ते कार्ड तिथं राहणाऱ्यासाठी आहे. वर्षाच्या वर इकडंच राहिलात तर ते हातचं जाऊ शकतं. नातवाला भेटून चार महिन्यांत परत येणार असाल, तर पर्यटक व्हिसाच बरा. आणि "मी तुमचं कार्ड करून देतो, आधी पैसे भरा," असं म्हणणारा एजंट दारात आला, तर पैसे देण्याआधी लेकीला फोन लावा. अर्ज तिचाच असतो, एजंटचा नव्हे.

जाता जाता एक. परदेशी माणसाला भारताचा नागरिक व्हायचं असेल तर आपल्याकडं अशी प्रश्नोत्तरांची परीक्षा नाही. पण राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतली एखादी भाषा त्याला नीट यायला हवी, असं कायद्यात आहे. त्या यादीत मराठी आहे. परदेशी सून घरात आली असेल तर तिला आत्तापासून शिकवायला लागा.