मनगट आणि मजुरी



मी डॉक्टर नव्हे. युनियनच्या कामात दवाखान्यांच्या बाकांवर कामगारांशेजारी बसून आणि वाचनालयातली पुस्तके चाळून जे कळले, तेवढेच सांगणार आहे.

कामगार घसरतो, हात टेकतो. एक्स-रेत हाड शाबूत दिसते. चिठ्ठीवर 'मुरगळ' लिहिले जाते. दोन महिन्यांनी तो म्हणतो, "पाना आवळताना कळ येते." मुकादम म्हणतो, "सोंग आहे." हे सोंग नव्हे. मनगटात आठ लहान हाडे असतात आणि त्यांना जागच्या जागी धरतात ते अस्थिबंध. नावेच्या आकाराचे हाड आणि शेजारचे चंद्रकोरीसारखे हाड यांमधला बंध तुटला, तरी साध्या एक्स-रेत तो दिसत नाही. तिथे हाड दिसते, बंध नव्हे. मूठ घट्ट आवळून फोटो काढला तर त्या दोन हाडांमधली फट कधी कधी उघडी पडते. एमआरआयने अधिक कळते. बारीक छिद्रातून दुर्बीण आत घातली म्हणजे बहुधा शंका उरत नाही.

खरा प्रश्न वेळेचा. पहिल्या काही आठवड्यांत बंध मूळ जागी शिवता येतो. पुढे टोके आखडतात. मग हातातल्याच एखाद्या कंडरेची पट्टी घेऊन नवा बंध करावा लागतो. तेही राहिले तर हाडे वेडीवाकडी घासतात, सांधा झिजतो. मग सर्जनच्या हाती तडजोडच उरते: कोपराकडच्या ओळीतली तीन हाडे काढणे, किंवा नावेचे हाड काढून उरलेल्यांपैकी चार एकत्र सांधणे. हालचाल साधारण निम्मी राहते. शेवटचा उपाय म्हणजे धातूची पट्टी बसवून सबंध मनगटच जखडणे. ऐकून अंगावर काटा येतो. पण घण मारणाऱ्यासाठी मी त्याला वाईट सौदा म्हणणार नाही. मनगट वाकत नाही, तरी बोटे चालतात, तळवा उताणा-पालथा होतो आणि कळ बहुतेक जाते. शिंप्याचा हिशेब वेगळा. विडी ओढणाऱ्याचे हाड मात्र उशिरा सांधते. एवढे सांगितले की आमची मंडळी डॉक्टर बदलतात!

1923 च्या नुकसानभरपाई कायद्याच्या यादीत अंगठा गेल्यास 30 टक्के असा आकडा होता. तुटलेल्या बंधाला त्या यादीत घर नव्हते. कमाईची शक्ती किती घटली ते डॉक्टरने ठरवायचे, आणि डॉक्टर पाहणार कागद. म्हणून पडल्याच्या दिवशीच अपघाताच्या नोंदवहीत कोणता हात, किती वाजता, हे लिहून घ्या. दोन आठवड्यांनी दुखणे राहिलेच तर दुसरा फोटो मागा. नावेच्या हाडाचा बारीक तडासुद्धा पहिल्या दिवशी कित्येकदा दिसत नाही.