गाडीवरच्या नूडल्स, घरच्या कढईत

हातातलं काम चालू द्या, पण कान इकडे असू द्या.

गटाच्या बैठकीत एक तक्रार हमखास निघते, “पोरं भाजीला हात लावत नाहीत, चायनीजच्या गाडीवरच्या नूडल्स मात्र चाटूनपुसून खातात.” मग नूडल्स बंद कशाला करायच्या? घरी करू या, फक्त हिशेब उलटा ठेवू. गाडीवर नूडल्स जास्त आणि भाजी नावाला. आपल्या कढईत भाजी दुप्पट, नूडल्स निम्म्या.

चार माणसांसाठी साध्या, बिनमसाल्याच्या नूडल्स २०० ग्रॅम घ्या. गाजर, कोबी, फरसबी, ढोबळी मिरची, कांद्याची पात मिळून ४०० ग्रॅम. आलं-लसूण, दोन चमचे तेल, एक चमचा सोया सॉस आणि लिंबू. सोबत चार अंडी, नाहीतर पाव किलो चिकन किंवा म्हशीचं मटण, ज्या घरात जे चालतं ते. शाकाहारी असाल तर वाटीभर मोडाची मटकी वाफवून घ्या.

नूडल्स उकळत्या पाण्यात शिजवा, पण गाळ होऊ देऊ नका. चाळणीत ओतून वरून गार पाणी घाला, थोडं तेल चोळा, म्हणजे चिकटत नाहीत. म्हशीचं मटण निबर असतं. ते आधी कुकरला मऊ शिजवा, मग बारीक पट्ट्या कापा. चिकनचे लहान तुकडे आतून गुलाबी राहणार नाहीत असे परतून बाजूला काढा. अंड्यांची भुर्जी करून ठेवा.

आता लोखंडी कढई चांगली तापवा. सगळं चिरून हाताशी असू द्या, कारण पुढचं काम पाच-सात मिनिटांचं आहे. आलं-लसूण, मग गाजर-फरसबी, नंतर कोबी आणि मिरची. आच मोठी ठेवा, झाकण नको. कढई गच्च भरली तर भाजीला पाणी सुटतं, म्हणून दोन घाणे करा. शेवटी नूडल्स, मटण किंवा अंडी आणि सोया सॉस घाला. सॉस खारटच असतो, म्हणून चव बघूनच मीठ टाका. उतरवल्यावर वरून लिंबू पिळा आणि पात भुरभुरा. कढईत ठेवून देऊ नका, लगेच दुसऱ्या भांड्यात काढा.

लिंबू नुसतं चवीला नाही. भाजी-कडधान्यातलं लोह अंगी लागायला त्याची मदत होते. जेवणावर लगेच चहा घेतला की तेच लोह कमी मिळतं. चहा तासाभराने घ्या.

आता खरी गोष्ट सांगते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. म्हणजे दहा जणींच्या गटात पाच-सहा जणी! आणि आपल्या घरात काय होतं? अंडी-मटण आधी इतरांच्या ताटात जातं, आपल्या वाट्याला कढईला चिकटलेलं उरतं. तेव्हा नूडल्स कढईतून काढतानाच सगळी ताटं एकदम वाढा. त्यात आपलं आणि लेकीचंही ताट असू द्या, सगळ्यांइतकंच भरलेलं.

एका जेवणाने रक्त वाढत नाही. उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या, लोहाच्या गोळ्या दिल्या असतील तर त्या बंद करू नका. आणि पुढच्या बैठकीत बचतीच्या हिशेबाआधी एकमेकींना विचारा, “काल तुझ्या ताटात काय होतं गं?”