डिझेल पडतं तिथेच गळतं असं नाही



आजचा विषय आहे जुन्या डिझेल पिकअपमधली इंधनाची गळती. चंदीगडच्या आयटी पार्कात हा विषय कशाला, असं काहींना वाटेल. पण रोज सकाळी आपल्या इमारतींच्या मागच्या फाटकाशी पाण्याचे जार, कँटीनचा भाजीपाला, कुंड्या घेऊन पिकअप उभ्या राहतात. त्यांतल्या बऱ्याच जुन्या आहेत. कुणाच्या गावाकडच्या घरी आजही अशी एक गाडी असेल. शिवाय तुमच्यापैकी अनेक जण दिवसभर संगणकावर दोष शोधतात, त्यामुळे माझं म्हणणं तुम्हाला लवकर पटेल: आधी जागा शोधा, मग पाना हातात घ्या.

डिझेलचा रस्ता आधी लक्षात घेऊ. टाकीतून फीड पंप डिझेल ओढतो आणि फिल्टरकडे ढकलतो. तिथून ते इंजेक्शन पंपात जातं, पंप त्याला मोठा दाब देतो आणि लोखंडी नळ्यांतून ते इंजेक्टरपर्यंत पोचतं. उरलेलं डिझेल रिटर्न लाइनने टाकीकडे परत येतं. म्हणजे एकाच गाडीत तीन वेगळे भाग झाले: ओढीचा, कमी दाबाचा आणि मोठ्या दाबाचा. तिन्हींची गळती वेगळी दिसते.

यांतली सगळ्यात फसवी गळती ओढीच्या भागातली. टाकी ते फीड पंप या नळीत दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो. तिथे बारीक चीर पडली, तर गाडी चालू असताना डिझेल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. खाली थेंबही दिसत नाही. गॅरेजच्या भाषेत, 'गाडी एअर घेते'. रात्रभर उभी राहिली की त्याच चिरेतून हवा शिरते, नळीतलं डिझेल टाकीकडे उतरतं आणि सकाळी गाडी चालू होऊन लगेच बंद पडते.

इथे महाराष्ट्रातून आलेला माणूस हमखास चुकतो. चंदीगडला डिसेंबर-जानेवारीत पारा पाच अंशांखालीही जातो, त्यामुळे दोष थंडीवर जातो. बॅटरी बदलली जाते, हीटर प्लग बदलले जातात. त्याआधी एक फुकटची चाचणी करा. सकाळी स्टार्टर मारण्यापूर्वी फीड पंपावरचा हँड प्रायमर दाबा. बराच वेळ तो पोकळ लागला, मग जड झाला आणि त्यानंतर गाडी पटकन चालू झाली, तर संशय हवेवर घ्या. खात्री करायला फीड पंपाच्या आधी थोडा वेळ डिझेलला चालणारी पारदर्शक नळी जोडा. बुडबुडे डोळ्यांना दिसतील.

आता दिसणारी गळती. डिझेल नळीच्या अंगाने ओघळत जातं आणि सगळ्यात खालच्या टोकाला थेंब धरतं. म्हणून थेंब जिथे पडतो तिथला नट आवळून काही होत नाही. इंजिन थंड असताना तो सगळा भाग धुऊन, पुसून कोरडा करा. खाली पुठ्ठा पसरा. गाडी चालू करून वरून खाली बघत या. जी जागा सगळ्यात वर ओली होते, ती मूळ.

बहुतेकदा मूळ साधं असतं. बँजो बोल्टच्या दोन्ही बाजूंचे तांब्याचे वॉशर एकदा दबले की पुन्हा नीट बसत नाहीत. बोल्ट उघडला की दोन्ही नवे टाका. इंजेक्टरवरच्या रिटर्न नळ्या उष्णतेने कडक होऊन तडकतात. एक तडकली तर बाकीच्याही त्याच वयाच्या आहेत, सगळ्या एकदम बदला. नट आवळताना दोन पाने वापरा, एकाने धरा आणि दुसऱ्याने फिरवा. गरजेपेक्षा जास्त आवळलं तर आटे जातात आणि पाच मिनिटांचं काम दोन दिवसांवर जातं.

जुन्या गाडीत रबरी सील का आटतात, याचं एक कारण इंधनातही आहे. डिझेलमधलं गंधक काढताना अॅरोमॅटिक घटकही कमी होतात. जुनं रबर त्या घटकांनी फुगून घट्ट बसलेलं असतं. घटक कमी झाले की ते आकसतं. अमेरिकेत १९९३ मध्ये रस्त्यावरच्या वाहनांसाठी कमी गंधकाचं डिझेल आलं, तेव्हा अशा गळतीच्या तक्रारी झाल्या होत्या. आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएम गंधकाचं डिझेल मिळतं. त्यामुळे सील बदलताना आजच्या डिझेलला चालणारे मागा.

सील इंजेक्शन पंपाच्या आतला असेल, तर मात्र घरी उघडू नका. मी नाशिकचा. आमच्याकडचं मायको सर्कल ज्या कारखान्याच्या नावावरून ओळखलं जातं, तिथे नोझल आणि इंजेक्टर बनतात. त्यांच्या भागांमधलं अंतर काही मायक्रॉनचं असतं, धुळीचा एक कण पुरतो. ते काम पंप-नोझल कॅलिब्रेशनवाल्याचं. आयटी पार्कपासून मनीमाजऱ्याचं मोटर मार्केट जवळ आहे, तिथे विचारा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मोठ्या दाबाच्या नळीवरची गळती कधीही बोटाने चाचपू नका. टायरमध्ये साधारण दोन बार दाब असतो. जुन्या इंजेक्टरकडे जाणाऱ्या नळीत तो दोनशे बारच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतो, कॉमन रेल गाडीत हजाराच्या वर. तो बारीक फवारा कातडी भेदून आत जातो. बाहेर सुई टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही, आणि आत बोट नासायला लागतं. असं झालं तर मलम लावून वाट पाहू नका. तडक मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा आणि 'दाबाचं डिझेल आत गेलंय' हे स्पष्ट सांगा. फवारा शोधायचा असेल तर लांबून पुठ्ठा धरा.

दुसरी गोष्ट आगीची. 'डिझेल पेटत नाही' हा समज सोडा. आपल्या मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश आहे, आणि इथला उन्हाळा चाळिशी ओलांडतो. तापलेल्या सायलेन्सरवर गळणारं डिझेल म्हणजे धोकाच. टाकीच्या भोकाला साबण लावून गाडी गॅरेजपर्यंत नेली, इतपत ठीक. तो साबण महिनाभर ठेवू नका, आणि रिकामी दिसणारी टाकीही न धुता वेल्डिंगला देऊ नका. आत वाफ असते.

दुरुस्ती झाली की एअर काढा. फिल्टरवरचा स्क्रू सैल करा, हँड प्रायमर मारत राहा, बुडबुडे थांबून डिझेलची सलग धार आली की स्क्रू बंद करा. पंपावर तसा स्क्रू असेल तर तिथेही हेच.

आणि 'थोडंसंच गळतंय' म्हणणाऱ्या मालकाला हा हिशेब द्या. मिनिटाला एक मिलिलिटर, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग. रोज दहा तास, महिन्याचे पंचवीस दिवस गाडी चालली, तर पंधरा लिटर डिझेल रस्त्यावर सांडलं. मागून येणाऱ्या दुचाकीचं चाक त्याच डिझेलवरून घसरतं. त्या मानाने तांब्याच्या दोन वॉशरची किंमत काहीच नाही.

 आता तुमचे प्रश्न घेऊ.