उपकारस्मरण : एक रोजची साधना
(रुग्णालयाच्या वार्षिक उपकारस्तुती सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)





वर्षभरात किती रुग्णांची तपासणी झाली, किती शस्त्रक्रिया पार पडल्या, किती देणगी आली आणि ती कोठे खर्ची पडली, याचे तक्ते या अहवालात आहेतच. तक्त्यात न मावणारा आणखी एक हिशेब असतो. जे आपण कमावले नाही आणि तरीही आपल्या पदरात पडले, त्याचा तो हिशेब. मराठी ख्रिस्ती मंडळींत त्यासाठी एक सुंदर शब्द रूढ आहे : उपकारस्तुती. या शब्दात दोन क्रिया आहेत. आधी उपकार आठवायचा आणि मग दात्याची स्तुती करायची. आठवण झाली नाही तर स्तुती कोरडी राहते. म्हणूनच उपकारस्तुती ही रोज करावयाची साधना आहे. मन प्रसन्न असेल तेव्हाच ती करायची असे ठरवले, तर आजारपणाच्या दिवसांत ती कधीच घडणार नाही.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील गावोगावच्या कुटुंबांसमोर हा विषय मांडताना आम्हाला संकोच वाटतो. पावसाने पाठ फिरवलेली, कर्जाने वाकलेली, रुग्णाच्या उशाशी रात्री जागून काढलेली माणसे येथे बसली आहेत. त्यांना 'आभार माना' असे सांगणे सोपे आहे. त्याचा अर्थ सांगणे कठीण आहे. तो अर्थ आपण शुभवर्तमानाच्या आधाराने शोधू या.

लूककृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोग्यांची कथा आहे. गावाबाहेर दूर उभे राहून त्यांनी येशूला हाक मारली. वाटेने जाता जाता दहाही जण शुद्ध झाले. त्यांतला एकच मागे फिरला, आणि तो शोमरोनी होता, म्हणजे त्या काळच्या समाजाने परका मानलेला. या कथेवर प्रवचन करताना त्या नऊ जणांना बहुधा बोल लावला जातो. एका गोष्टीकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. ते नऊ जण परतले नाहीत म्हणून त्यांचा रोग परत आला नाही. दिलेले आरोग्य प्रभूने काढून घेतले नाही. ते नऊ कोठे आहेत, असे त्याने विचारले खरे. पण कृतज्ञता ही बरे होण्याची अट त्याने ठेवली नाही आणि ती बरे होण्याची किंमतही ठरवली नाही.

आमच्यासारख्या धर्मादाय संस्थेने ही गोष्ट हृदयावर कोरून ठेवली पाहिजे. सवलतीत किंवा विनामूल्य उपचार घेणाऱ्या माणसाच्या मानेवर उपकाराचे ओझे फार लवकर चढते. तो औषध मागताना संकोचतो, तक्रार असली तरी गिळतो, प्रत्येकापुढे हात जोडतो. ही कृतज्ञता नव्हे. हे मिंधेपण आहे. रुग्णाकडून आभार वसूल करणारी सेवा हा एक प्रकारचा व्यापारच होय. उपकारस्तुती करण्याचा पहिला मान आणि पहिली जबाबदारी देणाऱ्यांची आहे, कारण देता यावे इतके त्यांना मिळाले आहे.

कुष्ठरोगाचा उल्लेख आला म्हणून एवढे सांगितलेच पाहिजे की हा रोग बहुविध औषधोपचाराने पूर्ण बरा होतो आणि ही औषधे शासकीय आरोग्य केंद्रांत विनामूल्य मिळतात. रोग बरा झाला तरी गावाने धरलेले अंतर मिटायला अधिक काळ लागतो. त्या शोमरोन्याला प्रभूच्या पायापर्यंत येता आले, ही त्या कथेतील दुसरी शुद्धी आहे.

याच शुभवर्तमानाच्या पुढच्या, म्हणजे अठराव्या अध्यायात आणखी एक आभारप्रार्थना आहे, आणि ती ऐकताना सावध व्हावे लागते. मंदिरात उभा असलेला परूशी देवाचे आभारच मानत होता. मात्र आपण इतरांसारखे नाही, दूर उभ्या असलेल्या त्या जकातदारासारखेही नाही, याबद्दल. प्रभूने ती प्रार्थना मान्य केली नाही. रुग्णालयात हा मोह रोज भेटतो. शेजारच्या खाटेवरील रुग्णाची अवस्था पाहून आपण मनात म्हणतो, 'आपले बरे आहे म्हणायचे.' असे वाटणे स्वाभाविक आहे. पण दुसऱ्याच्या दुःखाची उशी करून टेकलेली कृतज्ञता ख्रिस्ती कृतज्ञता होऊ शकत नाही. शेजारची खाट दिसताच आभारातून प्रार्थना निघाली पाहिजे, आणि प्रार्थनेतून पाण्याचा पेला पुढे झाला पाहिजे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात जे घडले, त्याची आठवण आपल्या भागातील वयस्कर माणसांच्या मनात अजून ताजी आहे. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून गावे निजली होती. चार वाजण्याच्या सुमारास धरणी हादरली. दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदे कोसळली आणि हजारो माणसे त्यांखाली गाडली गेली. जे वाचले त्यांनी 'देवाने आम्हाला वाचवले' असे म्हटले, तर शेजारच्या घरातील मृतांवर देवाची कृपा नव्हती काय, हा प्रश्न उभा राहतो. त्या प्रश्नाला आमच्याजवळ हिशेबी उत्तर नाही. पवित्र शास्त्रही अशा वेळी उत्तराची घाई करीत नाही. रडणाऱ्यांबरोबर रडावे, असे ते शिकवते. स्तोत्रसंहितेतील स्तोत्रांचा फार मोठा भाग विलापाचा आहे. ज्या उपासनेत विलापाला जागा नाही, त्या उपासनेतील उपकारस्तुती खोटी वाटू लागते.

मग सर्व स्थितींत उपकारस्तुती करा, हा पौलाचा थेस्सलनीकाकरांना केलेला उपदेश कसा समजावा? सर्व स्थितींत आणि सर्व गोष्टींबद्दल, या दोहोंत मोठे अंतर आहे. भूकंपाबद्दल, दुष्काळाबद्दल, लेकराच्या आजाराबद्दल आभार मानावेत असे कोणी सांगत नाही. त्या स्थितीतही देव सोडून गेलेला नाही, याची खूण शोधावी आणि ती सापडली की तिचे नाव घ्यावे, एवढेच मागितले आहे. ज्या रात्री प्रभूला धरून दिले गेले, त्याच रात्री त्याने भाकर हाती घेऊन आभार मानले, मग ती मोडली. जगभरातील अनेक मंडळ्या प्रभुभोजनाला 'युखारिस्त' म्हणतात. त्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच उपकारस्तुती असा आहे. आपल्या उपासनेचे केंद्र असलेले हे आभार सुखाच्या दिवशी मानलेले नाहीत.

आपल्या भागातीलच एक खूण पाहू या. सन २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूर शहरात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरला आली. दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होते. शहराच्या तहानेपुढे ते थोडे होते. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्याही आल्या. ज्या मिरजेहून हे पाणी आले, तेथेच डॉ. विल्यम वॉन्लेस या मिशनरी शल्यचिकित्सकाने १८९४ साली रुग्णालय उभारले होते. दूरच्या गावाने आपल्याला पूर्वी उपचार दिले आणि नंतर पाणी दिले, असे या दोन घटना शेजारी ठेवून पाहणारा माणूस दुष्काळाचे आभार मानत नाही. तो त्या गावाचे नाव प्रार्थनेत घेतो आणि आपल्या घरातील नळ जपून वापरतो.

आता रोजच्या आचरणाविषयी. ही साधना तीन वेळांना बांधून घ्यावी, असे आम्ही सुचवितो. सकाळी उठताच पहिल्या पाण्याच्या घोटाबरोबर एक वाक्य. जेवणापूर्वी, ताटातील अन्न ज्यांच्या कष्टांनी आले त्यांचे स्मरण : शेतकरी, शेतमजूर बाई, गिरणीवाला, भाकरी थापणारे हात. आणि रात्री निजण्यापूर्वी दिवसातील तीन उपकार, नावानिशी. 'सर्वांचे आभार' असे मोघम म्हणू नये. ड्रेसिंग करताना जिने हळुवार हात लावला ती परिचारिका, फरशी पुसताना विचारपूस करणारे सफाई कामगार, बसस्थानकापर्यंत रिक्षाने सोडून पैसे न घेणारा तरुण, असे नेमके आठवावे. संत इग्नेशियस लोयोला यांनी घालून दिलेल्या आत्मपरीक्षणात आभाराची पायरी प्रथम येते आणि दोष पाहण्याची नंतर. हा क्रम महत्त्वाचा आहे. उपकार आठवलेला माणूस आपले दोष निराश न होता पाहू शकतो.

ज्या दिवशी एकही उपकार आठवत नाही, त्या दिवशी तसेच देवाला सांगावे. तीही प्रार्थनाच आहे. आजाऱ्याला स्वतःला जमत नसेल, तर उशाशी बसलेल्याने त्याच्या वतीने ती करावी. पक्षाघात झालेल्या माणसाला चार जणांनी उचलून प्रभूपुढे नेले होते, हे आपण विसरू नये.

हे शिक्षण आपल्याला शेजाऱ्यांकडूनही मिळते. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, लातूर परिसरातील शेतकरी कुटुंबे शेतात कडब्याची कोप उभारतात आणि भज्जी-आंबिल करून येईल त्याला जेवू घालतात. नांदेडला तख्त सचखंड श्री हजूर साहिबच्या लंगरात जातपात न विचारता पंगत वाढली जाते. रेव्ह. ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांनी आपल्या संतांच्या अभंगाला ख्रिस्ती उपासनेत मानाचे स्थान दिले, ते अशाच कृतज्ञ वृत्तीने. जे चांगले आहे ते देवाकडूनच आले, असे मानणाऱ्याला शेजाऱ्याकडून शिकण्यात कमीपणा वाटत नाही.

शेवटी एका न फिटणाऱ्या ऋणाविषयी. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तपेढीतून जी पिशवी येते, तिच्यावर रक्तगट असतो, क्रमांक असतो. दात्याचे नाव रुग्णाला कळत नाही. त्याची जात, त्याचा धर्म, त्याचे गाव काहीच कळत नाही. त्याचे आभार मानायला जावे तर दार सापडत नाही. अशा ऋणाला दोनच वाटा उरतात : एक देवाकडे जाणारी, दुसरी पुढच्या गरजवंताकडे जाणारी. ख्रिस्ती कृतज्ञता या दोन्ही वाटांनी एकाच वेळी चालते. बरे झाल्यावर रुग्णाचा भाऊ रक्तदान करतो, तेव्हा ती उपकारस्तुती होते. आपले नाव फलकावर न लावण्याची विनंती करून एखादा देणगीदार खाटेचा खर्च उचलतो, तेव्हाही तीच उपकारस्तुती होते.

विश्वस्तांना, देणगीदारांना आणि आप्तजनांना आमची एकच विनंती आहे. आज रात्री निजण्यापूर्वी तीन नावे आठवावीत, आणि त्यांतील एक तरी नाव असे असावे, ज्याचे आभार आजवर कोणीच मानलेले नाहीत. उद्या त्या व्यक्तीला भेटून ते शब्द प्रत्यक्ष बोलावेत.

परमेश्वर येथील प्रत्येक खाटेवरील रुग्णाला आरोग्य देवो, त्यांच्या उशाशी जागणाऱ्यांना बळ देवो आणि आम्हा सर्वांना आठवण ठेवणारे अंतःकरण देवो. आमेन.