हाताच्या नोंदीचे अर्थशास्त्र

(जबलपूर येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

२०११ च्या जनगणनेत २.६८ कोटी व्यक्तींची अपंग म्हणून नोंद झाली. त्यांपैकी सुमारे ५४ लाख ‘हालचालीतील अपंगत्व’ या रकान्यात मोजल्या गेल्या. पाय गमावलेला आणि हात निकामी झालेला, दोघेही त्या एकाच रकान्यात आले. मानेतील मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाचा घास, लेखणी आणि चाकाच्या खुर्चीचे चाकदेखील हातांवरच अवलंबून असते.

आंतरराष्ट्रीय तपासणी पद्धतीत प्रत्येक हाताच्या पाच प्रमुख स्नायुगटांना ० ते ५ गुण देतात. दोन्ही हातांचे मिळून ५०. समजा, एकाचे दोन्ही कोपर पूर्ण शक्तीने वाकतात, मनगटेही उचलली जातात, पुढे काहीच नाही. गुण २०. दुसऱ्याचा उजवा हात कोपर वाकवणे, मनगट उचलणे, कोपर सरळ करणे व बोटे मिटणे या चारही बाबतींत शाबूत, डावा मात्र निर्जीव. त्याचेही गुण २०. पहिला मनगट उचलून, त्याबरोबर आपोआप मिटणाऱ्या बोटांत एखादी हलकी वस्तू धरतो. दुसरा उत्तरपत्रिका लिहू शकतो. मूळ तक्त्यात हा भेद असतो, बेरजेत तो हरवतो. दरडोई उत्पन्नाविषयी आपली तक्रार तरी दुसरी काय असते?

म्हणूनच २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या हातविषयक आंतरराष्ट्रीय मूलभूत नोंदसंचात उजव्या व डाव्या हाताची पोहोच आणि पकड वेगवेगळी नोंदवतात. सहायक साधने आणि हातावरील पुनर्रचनात्मक शस्त्रक्रिया यांचीही नोंद होते. संच मुद्दाम आटोपशीर ठेवला आहे, आणि ते शहाणपणाचे आहे. गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात लांबलचक प्रपत्र कोरेच राहते. मंडला-दिंडोरीकडचा रुग्ण जबलपूरला येतो, पुढे कदाचित नागपूरला जातो. दोन्हीकडे ‘पकड’ या शब्दाचा अर्थ एकच नसेल, तर सुधारणा झाली की नाही हे कळणार कसे? शस्त्रक्रियेवरील खर्च फळाला आला काय, हेही मग सांगता येत नाही.

परीक्षार्थींशी तर याचा थेट संबंध आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ अन्वये अनेक लाभांसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागते. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी लक्षणीय अपंगत्व असलेल्या ‘दोन्ही हात बाधित’ उमेदवारास, त्याची इच्छा असल्यास, लेखनिक देण्याची तरतूद केली. पुढे २०२१ मध्ये केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकासाठी ४० टक्क्यांची अट अनिवार्य नसल्याचे स्पष्ट केले. त्या उमेदवाराची अडचण लिहिताना हात न चालण्याची होती, आणि टक्केवारीच्या आकड्यात ती दिसत नव्हती.