वेदनाशमन आणि विवेक
(व्याख्यानाचा मजकूर)



खानदेशातील कर्करोगाचे अनेक रुग्ण मुंबईच्या टाटा रुग्णालयात उपचार घेऊन जळगाव-धुळ्यास परततात. काहींच्या औषधांत मॉर्फिनच्या गोळ्या असतात. घरात कुजबुज सुरू होते, "ही तर अफू! आता सवय लागणार." गोळी कपाटात राहते आणि रुग्ण रात्रभर कण्हत राहतो. व्यसनाला निषिद्ध मानणाऱ्या समाजाची ही भीती स्वाभाविक आहे. परंतु तिचे मोल रुग्णाला द्यावे लागते.

मॉर्फिन अफूपासूनच मिळते, हे खरे. धुळ्याहून आग्रा रोडने उत्तरेस गेले की माळवा लागतो. त्याच्या नीमच-मंदसौर भागात सरकारी परवान्याने अफू पिकते. तरीही १९८५ च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यानंतर परवान्यांच्या जाचामुळे सुमारे बारा वर्षांत देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ९७ टक्क्यांच्या आसपास घटला. पीक शेजारी आणि रुग्ण औषधाविना, अशी ही विसंगती होती. २०१४ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती करून ही वाट सुकर केली. घराच्या उंबरठ्यावरील भीती मात्र कायद्याने जात नाही.

१९८६ साली मुंबईत वांद्रे येथे शांती अवेदना सदन हे असाध्य कर्करुग्णांचे शुश्रूषागृह सुरू झाले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी सूत्र दिले: औषध शक्यतो तोंडावाटे आणि घड्याळानुसार द्यावे. मॉर्फिनच्या साध्या गोळीचा प्रभाव सुमारे चार तास टिकतो. म्हणून वेदना उसळण्याची वाट न पाहता ठरल्या वेळी गोळी द्यावी. बारा तासांची गोळी अखंड गिळावी. ती कुटली तर सारी मात्रा एकदम अंगात उतरते आणि प्राणावर बेतू शकते. फेंटानिलची पट्टी साधारणतः तीन दिवस चालते. उष्णतेने तिच्यातील औषध अधिक वेगाने शरीरात जाते; त्यामुळे खानदेशच्या उन्हाळ्यात तिला उन्हापासून जपावे, शेकाची पिशवी लावू नये, ताप आल्यास डॉक्टरांना कळवावे.

मॉर्फिनने बद्धकोष्ठ होतो. त्यावरील औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्यावे. आरंभी मळमळ व गुंगी येते, ती बहुधा काही दिवसांत ओसरते. रुग्ण हलवूनही जागा होत नसेल किंवा श्वास मंदावला असेल, तर पुढील मात्रा न देता तत्काळ रुग्णालय गाठावे. झोपेची गोळी डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नये. मद्य तर वर्ज्यच. औषध एकाएकी बंद करू नये. जमाखर्चाच्या वहीप्रमाणे प्रत्येक मात्रेची वेळ लिहावी, गोळ्या कुलपात ठेवाव्यात आणि दुसऱ्या कोणाच्या कंबरदुखीला त्या कदापि देऊ नयेत. अमेरिकेत १९९० नंतर जुनाट दुखण्यांसाठीही अशी औषधे सढळ हाताने दिली गेली आणि व्यसन व मृत्यू यांनी थैमान घातले. उलट, कर्करोगाच्या वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली मोजून घेतलेल्या औषधाचे व्यसन क्वचितच जडते.

श्रावकांच्या घरी आणखी एक प्रश्न उभा राहतो. चोविहार पाळणाऱ्या रुग्णाने रात्रीची गोळी कशी घ्यावी? हा नियम संकोच न करता डॉक्टरांना प्रथमच सांगावा. बारा तासांची गोळी अथवा पट्टी त्याला योग्य आहे काय, हे ते ठरवतील. घरच्यांनी परस्पर वेळा बदलू नयेत. उपवासापूर्वीही विचारावे; कारण पाणी कमी पडले की मूत्रपिंडावर ताण येतो आणि औषध शरीरात साचू शकते.

कोणी म्हणतात, वेदना सहन केल्याने कर्मनिर्जरा होते. स्वेच्छेने, समभावाने सहन करणाऱ्याचा तो अधिकार निःसंशय त्याचाच आहे. परंतु नातलगांनी औषध लपवल्यामुळे भोगावी लागणारी वेदना हे तप नव्हे. शास्त्रकारांनी वेदनेच्या सततच्या चिंतनास आर्तध्यानात गणले आहे. वेदना शमली तर रुग्ण शांतपणे नवकार ऐकू शकतो, मुलाबाळांशी बोलू शकतो, क्षमापना करू शकतो.

कपाटातील गोळी घड्याळाच्या काट्यावर रुग्णाच्या हाती पोहोचावी, हीही जीवदयाच होय.

जय जिनेंद्र.