एका रॉकवाल्याने ऐकलेला डीजे
(रौप्यमहोत्सवी सोहळ्याच्या पहिल्या संध्याकाळी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला 'दोन शब्द' बोला असे सांगितले आहे. आयुष्य बँकेत गेले, तेव्हा दोनाचे दोनशे झाले तर व्याज समजा. विषय ऐकून हसू नका. मी आज डीजेबद्दल बोलणार आहे.

तुम्हाला ठाऊकच आहे, मी जुना रॉकवाला. 1972 साली डीप पर्पलची 'मशीन हेड' आली, ती मित्राकडे ऐकली आणि मी बिघडलो तो बिघडलोच. नोकरी लागल्यावर काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये किती पैसे घातले ते आमच्या सौ.ला अजून सांगितलेले नाही. आमचा समज पक्का होता. चार माणसे घाम गाळून वाद्ये वाजवतात ते संगीत. दुसऱ्यांच्या रेकॉर्डी लावतो तो डीजे, म्हणजे लग्नातला लाउडस्पीकरवाला!

याच समजापायी 2011 मध्ये, मी सेक्रेटरी असताना, मुलांनी गच्चीवर डीजेचा कार्यक्रम मागितला तेव्हा मी अर्जावर 'नामंजूर' लिहून सही ठोकली. अर्ज घेऊन आलेला मुलगा एवढेच म्हणाला, "काका, तुम्ही हे कधी ऐकलंय तरी का?" मी म्हटले, "ऐकायची गरज नाही." तो वळून गेला. पुढे कित्येक वर्षे लिफ्टमध्ये भेटला तरी मोबाइलकडे बघायचा.

2019 च्या जुलैत आम्ही मुलीकडे शिकागोला होतो. ती म्हणाली, "बाबा, जॅक्सन पार्कात पिकनिक आहे, चला." तिथे गेल्यावर कळले की ही हाऊस म्युझिकची पिकनिक. 'चोझन फ्यू' नावाच्या तिथल्या डीजे मंडळींनी 1990 साली घरच्या लोकांच्या मेळाव्यातून ती सुरू केली. मैदानभर तंबू, शेगड्यांवर मांस भाजले जातेय, आजी-आजोबा खुर्च्या टाकून बसलेले, नातवंडे पायात घोटाळतायत. आपली कोजागिरीच म्हणा ना, फक्त भर उन्हातली.

पहिला अर्धा तास मी वैतागलो. धप् धप् धप् धप्, एकच ठोका, मिनिटाला एकशेवीसच्या आसपास. गिटारचा सोलो कधी येतो याची वाट बघत होतो. शेजारच्या खुर्चीतल्या, माझ्याच वयाच्या एक बाई म्हणाल्या, "गाण्याची वाट बघू नका. खालचा बेस ऐका." मी डोळे मिटले. आणि काय सांगू! बेसची ओळ हळूच बदलत होती. वर झांजेसारखा आवाज आला, मग पियानो. मग त्या माणसाने बेस काढूनच घेतला. सगळे मैदान हात वर करून थांबले. आणि बेस परत आला तेव्हा जो जल्लोष झाला! पिंक फ्लॉइडचे 'एकोज' रेकॉर्डची एक अख्खी बाजू व्यापते, ते आम्ही चवीने ऐकायचो. हा धीर माझ्या कानाला होताच की. एक गाणे संपून दुसरे कधी सुरू झाले ते कळले नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, तुमचा पाय हलतोय." मग पायावर काय भागते? आम्ही दोघे उठून नाचलो. सौ. साक्षीदार आहे.

नंतर मंचाजवळ जाऊन बघितले. डीजेच्या एका कानावर हेडफोन, त्यात पुढची रेकॉर्ड. दुसरा कान उघडा, समोरच्या मैदानासाठी. मान सारखी वर, लोक काय करतायत ते बघायला. नाचणारे थकले की तो जरा निवांत काही लावायचा. वाद्य हातात नव्हते, पण तो वाजवत होता हे मला तिथे पटले.

घरी आल्यावर मुलीने इतिहास सांगितला, तो ऐकून मान खाली गेली. 12 जुलै 1979 रोजी शिकागोच्याच कोमिस्की पार्क या बेसबॉलच्या मैदानावर स्टीव्ह डाल नावाच्या रेडिओवाल्याने डिस्कोच्या रेकॉर्डींचा ढीग स्फोटाने उडवला. जमलेले बहुतेक रॉकवाले, म्हणजे आमचेच भाऊबंद. लोक मैदानात घुसले, पुढचा सामना रद्द झाला. त्या दिवशी तिथे जागा दाखवण्याचे काम करणारा व्हिन्स लॉरेन्स हा कृष्णवर्णीय मुलगा होता. त्याने पाहिले, लोकांनी डिस्कोच नव्हे, कृष्णवर्णीय गायकांच्या इतर रेकॉर्डीही आणल्या होत्या. त्याच शहरात 'वेअरहाऊस' क्लबमध्ये फ्रँकी नकल्स हा डीजे 1977 पासून वाजवत होता. ज्यांना इतरत्र मोकळेपणाने नाचता येत नसे असे कृष्णवर्णीय, लॅटिन, समलिंगी तरुण तिथे जमत. त्या वेअरहाऊसवरूनच 'हाऊस' हे नाव पडले. आणि 1984 च्या 'ऑन अँड ऑन'मध्ये, जी अनेकजण हाऊसची पहिली रेकॉर्ड मानतात, तिच्यात त्याच व्हिन्स लॉरेन्सचा हात होता. न ऐकताच 'नामंजूर' लिहिणारा मी एकटा नव्हतो, एवढाच काय तो दिलासा.

आता गैरसमज नको. विसर्जनाला स्पीकरच्या भिंती उभ्या करून खिडक्यांची तावदाने हलवतात, त्याला माझा विरोध होता, आहे आणि राहील. आपल्याकडे त्या भिंतीलाच डीजे म्हणतात, तिथेच घोळ झाला. डीजे म्हणजे माणूस, आणि चांगला डीजे म्हणजे समोरच्याचे ऐकणारा माणूस.

2011 चा तो मुलगा आज दुसऱ्या रांगेत बसला आहे, लेक मांडीवर आहे. बाळा, मी न ऐकता सही केली, ते चुकले. सर्वांसमोर माफी मागतो.

उद्याच्या कार्यक्रमात सात ते साडेनऊ डीजे ठेवावा अशी सूचना मी मांडली होती, कमिटीने ती मंजूर केली आहे. आवाज बेताचा राहील आणि दहाच्या आत सगळे बंद. पहिल्या अर्ध्या तासात माझ्या वयाच्या मंडळींनी खुर्च्या सोडून जाऊ नये ही विनंती. खालचा बेस ऐका. पाय हलला तर हलू द्या, गुडघ्यांचे परवा बघू.

एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवतो.